सहावी ‘ब’चा बिल्ला

“पाणी पी आधी. एवढंसं तोंड झालंय बघ,” अंजनाने पेला पुढे केला.

खाटेवर पोट धरून बसलेल्या जिज्ञासाने मान हलवली. “नको सिस्टर.”

“का नको?”

“मग जावं लागेल ना.”

“मग जा की. समोर तर आहे.”

“पास सनीकडे आहे. तो गेलाय कधीचा, येतच नाही. टीचर बोलली, तो येईपर्यंत कोणी नाही जायचं.”

अंजनाने पेला टेबलावर आपटला. मुलगी दचकली, तशी ती म्हणाली, “तुझ्यावर नाही गं चिडले. ऊठ. माझ्यासोबत चल.”

कात्रपमधली ही चार मजली इंग्रजी शाळा. भिंतीवर हसरे सूर्य, जिन्यात आरसे, मुलींच्या स्वच्छतागृहात गुलाबी फरशी. आणि प्रत्येक वर्गाच्या दाराशी खिळ्याला टांगलेली दोरीतली लाकडी चकती, तिच्यावर वर्गाचं नाव. वर्गाला चकती एकच. ती गळ्यात असेल त्यानेच बाहेर पडायचं. शाळेत तिला ‘पास’ म्हणत. अंजना बिल्ला म्हणायची, कारण हमालाच्या दंडावर असतो तसलाच तो दिसायचा. हमालाला निदान बिल्ला मिळाला की काम मिळतं. इथे बिल्ला मिळाला तर लघवीला जायला मिळत होतं.

मधली सुट्टी होती की, असं कोणीही म्हणेल. होती. पण मजल्यावरच्या सगळ्या मुलींना मिळून दरवाजे तीन. रांगेत उभं राहिलं तर डबा राहतो, डबा खाल्ला तर रांग राहते. मग शहाण्या मुली काय करतात? पाणीच पीत नाहीत. बाटली भरून येते आणि भरलेलीच घरी जाते. आया म्हणतात, माझी पोर पाणीच पीत नाही हो, काय करावं?

अंजना या शाळेची नर्स होती आणि नव्हतीही. पगार नगरपालिकेचा आणि हुकूम शाळेचा, अशी ती व्यवस्था. खासगी शाळांतली मुलंही आपल्याच गावची, तेव्हा त्यांनाही पालिकेच्या खर्चाने नर्स मिळावी, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि ते काम आरोग्य विभागातल्या सुजितच्या गळ्यात पडलं. बिचाऱ्याने वर्षभर शाळांचे उंबरे झिजवले. फुकट नर्स देतो म्हटलं तरी कोणी दारात उभं करेना. “सरकारी नर्स? आमच्या पेरेंट्सना काय वाटेल?” एका प्रिन्सिपल बाईंनी तर विचारलं, की तिला इंग्लिश येतं का? जणू मुलांना ताप इंग्रजीतूनच येतो. शेवटी या शाळेच्या वैदेही मॅडम तयार झाल्या. पंधरा दिवसांत स्टेशनच्या रस्त्यावर फलक लागला, ‘आमची स्वतःची पूर्णवेळ नर्स’. फलकावर पालिकेचं नावही नव्हतं. पण तो बघून बाकीच्या शाळा मात्र सुजितला स्वतःहून फोन करू लागल्या.

त्याआधी अंजनाने उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये जन्म काढला होता. तिथेही बारा तासांच्या पाळीत नर्सला जायला वेळ नसे, पण त्याचा राग तिला कधी आला नव्हता. स्वतःच्या हालांची माणसाला सवय होते. इथे जिज्ञासाचं ते “मग जावं लागेल ना” ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. कारण हीच गोष्ट तिने फार जुन्या काळी ऐकली होती, आपल्या आईच्या तोंडून.

तिची आई भिकी अजूनही बारवी धरणाच्या वरच्या अंगाला वाडीवर राहायची. अंजनाच्या लहानपणी तिथे कोणाकडेच संडास नव्हता. बाया अंधाराची वाट बघायच्या. भाताची लावणी करून दमून आलेली बाई घोटभर पाणी पिऊन तांब्या खाली ठेवायची. अंजना घटाघटा प्यायला लागली की भिकी म्हणायची, “पानी बेतानं पे गं. आंधार पडाया येळ हाय अजून.” त्या वाडीतून शिकून बाहेर पडलेल्या मुलीला वाटलं होतं, की हे वाक्य आपण मागे टाकून आलो. आणि इथे गुलाबी फरशीवर ते पुन्हा समोर उभं होतं, फक्त गणवेश आणि टाय घालून.

ती तशीच वैदेही मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

“मॅडम, सहावीतल्या मुलीला पुन्हा लघवीचं इन्फेक्शन झालंय. अजून बऱ्याच मुली आहेत. बिल्ले काढा तेवढे.”

मॅडमनी चष्मा खाली घेतला. बाई वाईट नव्हत्या. अंजनाला वाढदिवसाला साडी दिली होती त्यांनी. “सिस्टर, पास काढले ना, तर अर्धा वर्ग कॉरिडॉरमध्ये टाइमपास करतो. पेरेंट्स आमच्याकडे डिसिप्लिनसाठी येतात.”

“लघवीला कसली डिसिप्लिन मॅडम?”

“तुम्ही ड्रेसिंग, ताप, ते बघा. शिस्तीच्या बाबतीत तुम्ही पडायचं नाही, हे करारातच आहे. सुजित सरांना विचारा.”

तिने विचारलं. सुजित फोनवर म्हणाला, “ताई, ती अट घातली नसती तर त्यांनी नर्स घेतलीच नसती. हीच पहिली शाळा आहे. इथे बिनसलं तर बाकीच्या पण मागे सरतील. एका बिल्ल्यासाठी सगळ्या शाळांच्या नर्स घालवू नका, प्लीज.”

त्याचंही खोटं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. या सगळ्या प्रकरणात वाईट माणूस असा कोणी सापडतच नव्हता आणि पोरी मात्र पोट धरून बसत होत्या.

मग अंजनाने आपली एक युक्ती काढली. ती वर्गाच्या दारात जाऊन म्हणायची, “टीचर, चार मुली पाठवा, वजन करायचंय.” मुली यायच्या, वजनकाट्याकडे न बघता सरळ गुलाबी फरशीकडे पळायच्या, येऊन पेलाभर पाणी प्यायच्या आणि परत जायच्या. आठवडाभर छान चाललं. मग सहावी ‘ब’च्या ऋतिका टीचरने भुवया वर केल्या. “सिस्टर, वजन कालच केलं ना? रात्रीत वाढलं का?” संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, की तासाच्या वेळात एकही मुलगी वर्गाबाहेर काढायची नाही.

त्यानंतरच्या सोमवारी जिज्ञासाला वर्गातच हुडहुडी भरली. अंजनाने हात लावला तर अंग भाजत होतं. कमरेला मागून नुसतं बोट टेकलं तर पोर किंचाळली. अंजनाने रिक्षा बोलावली आणि स्वतः घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलंय, ॲडमिट करा.

तिची आई रुचिका अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. ती कंपनीच्या टोपीसकट धावत आली. पोरीच्या हाताला लावलेली सलाईन बघून ती मटकन खाली बसली.

“माझीच चूक आहे सिस्टर. मीच तिला सांगते, पाणी बेतानं पीत जा म्हणून. टीचर ओरडते ना. मी पण कंपनीत तेच करते. आमचा सुपरवायझर पण लय कटकट करतो. मला वाटलं, पोरीला आत्तापासून सवय झालेली बरी.”

शाळेची फी भरता यावी म्हणून ही बाई कंपनीत तहान मारत होती आणि त्या शाळेत तिची पोर. अंजनाला रडू आलं नाही. आला तो निव्वळ संताप.

ती शाळेत परतली ती थेट सहावी ‘ब’वर. खिळ्यावरचा बिल्ला तिने हिसका देऊन काढला आणि एप्रनच्या खिशात घातला. “अहो सिस्टर, हे काय?” ऋतिका टीचर मागे धावली. अंजनाने वळूनही पाहिलं नाही. शाळेने दुसऱ्या दिवशी नवा बिल्ला करून टांगला. लाकडाला काय तोटा आहे? जुना मात्र अंजनाच्या खिशातच राहिला.

जिज्ञासा परत शाळेत आली त्याच आठवड्यात आरोग्य कक्षाचं उद्घाटन ठरलं. कक्ष तोच, खाट तीच. फक्त दाराला लाल फीत आणि भिंतीला नवा रंग. पालिकेचे आरोग्य खात्याचे मोठे साहेब येणार होते. मुलं सकाळपासून हॉलमध्ये सतरंजीवर बसवलेली. साहेब यायचे तेव्हाच आले. आल्या आल्या त्यांना शहाळं दिलं. मग स्वागतगीत, मग दुसरं शहाळं, मग वैदेही मॅडमचं भाषण. मॅडम बोलत होत्या, “प्रत्येक मुलाचं आरोग्य हीच आमची प्रायॉरिटी...” आणि तिसऱ्या रांगेत जिज्ञासा पाय आवळून, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला कलत होती. अंजना कात्रीचं तबक घेऊन व्यासपीठाच्या कडेला उभी होती. तिला तिथून सगळं दिसत होतं. तिने ऋतिका टीचरला खूण केली. टीचरने ओठांवर बोट ठेवलं.

एवढ्यात साहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली. त्यांनी शेजारच्या सुजितच्या कानात काही सांगितलं. सुजितने शिपायाला डोळ्याने खुणावलं, शिपाई धावला, कोणीतरी दार उघडून धरलं, कोणीतरी नॅपकिन घेऊन पुढे झालं. मॅडमनी भाषण थांबवलं. साहेब उठले. शहाळी दोन झाली होती, त्यांचा तरी काय दोष?

पुढचं अंजनाने काही ठरवून केलं नाही. तिने तबक खाली ठेवलं, खिशातून बिल्ला काढला आणि साहेबांच्या वाटेत उभी राहिली.

“साहेब, हा घाला गळ्यात.”

“हे काय?”

“पास. वर्गाला एकच असतो. ह्याच्याशिवाय मुतायला सोडत नाहीत इथं.”

माइक चालूच होता. ते सगळ्या हॉलने ऐकलं. मग मागच्या रांगेतून एक पोर फिस्सकन हसलं आणि त्याच्यामागे सगळा हॉल. सुजितने डोळे मिटून घेतले.

“हसू नका रे,” अंजना म्हणाली. “साहेब, ती तिसऱ्या रांगेतली पोर आत्ताच हॉस्पिटलमधून उठून आलीय. पाणी पीत नाही ती, बिल्ला मिळत नाही म्हणून. तुम्हाला न्यायला चार माणसं धावली. तिला कोण नेणार?”

साहेबांनी एकदा मॅडमकडे पाहिलं. “असं आहे का?”

“सर, डिसिप्लिनच्या दृष्टीने...”

साहेबांना थांबायला वेळच नव्हता. ते बिल्ला हातात घेऊन तसेच निघून गेले. अंजना सतरंजीत शिरली, जिज्ञासाचा हात धरला आणि तिला घेऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडली. तिच्यामागून आणखी पोरी उठल्या. ऋतिका टीचर “सिट डाऊन, सिट डाऊन” म्हणत राहिली, पण कोणी बसलं नाही.

साहेबांनी परत येऊन बिल्ला पुष्पगुच्छाशेजारी ठेवला, फीत कापली, भाषण केलं. भाषणात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. जेवायला मात्र थांबले नाहीत.

दोन दिवसांनी सुजित कक्षात आला. खुर्ची होती तरी उभाच राहिला.

“ताई, मॅडम सगळे बिल्ले काढतायत. खिळे पण. पण त्या म्हणाल्या, ही बाई नको. दुसरी नर्स द्या, नाहीतर योजनाच नको.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी हो म्हटलं.”

“म्हणजे मला बिल्ल्यांच्या बदल्यात दिलंत.”

“हो ताई.” त्याने मान वर केली नाही. “दुसरीकडे कुठे जागा निघाली तर मी...”

“नाही निघायची. तुम्हालाही ठाऊक आहे.”

तिला वाटलं होतं, की बिल्ले गेल्याचं ऐकून आपल्याला बरं वाटेल. वाटलंही. पण राग गेला नाही. पोरीने लघवीला जावं, एवढ्याशा गोष्टीसाठी कोणाची तरी नोकरी का जावी लागते? आणि ती घालवून सगळ्यांना आपण समजूतदारपणा केला असं का वाटतं? तिने एप्रनची घडी केली, तो शाळेचा होता. वजनकाटा पुसला. कपाटाची किल्ली सुजितच्या हातात ठेवली. “नव्या मुलीला सांगा, खाटेचा डावीकडचा पाय हलतो.”

ती बाहेर आली तेव्हा तास चालू होते. जिन्याशी सहावी ‘ब’चं दार. चौकटीत खिळ्याचं भोक होतं, त्यात कोणीतरी पांढरी पुट्टी भरली होती, अजून ओली. अंजना क्षणभर थांबली.

तेवढ्यात दार उघडून जिज्ञासा बाहेर पडली. गळ्यात काही नव्हतं. ती अंजनाच्या अगदी जवळून, तिच्या पिशवीला घासून पळत गेली. तिने वर पाहिलंदेखील नाही. तिला घाई होती.