काय दुखतंय, ते आधी सांगा

खांबावर चढण्याआधी प्रत्येक पोराने मला एक गोष्ट सांगायची, असा माझ्या मल्लखांबाच्या वर्गाचा नियम आहे. काय दुखतंय? रांगेत उभं राहायचं, नाव घेतलं की पुढे यायचं आणि खरं सांगायचं. काही नसेल तर "काही नाही" म्हणायचं. मनगट, टाच, पोट, काहीही दुखत असेल तर त्या दिवशी खाली बसून बघायचं. त्यात कमीपणा नाही. पण दुखणं लपवून वर चढलं आणि मागाहून कळलं, तर आठ दिवस खांबाला हात लावायचा नाही.

पोरं या नियमाची मजाही करायची. मारुती नावाचा एक वात्रट रोज पुढे येऊन म्हणायचा, "आबा, केस दुखतात."

"कापून टाकू," मी म्हणायचो.

"मग काही नाही."

सगळ्यांचं झालं की उलट मला विचारायचं, हा भाग पोरांनीच जोडलेला. सगळी एका सुरात ओरडायची, "आबा, तुमचं काय दुखतंय?"

"काही नाही," मी म्हणायचो.

वर्षभर मी हे खोटं सांगत होतो.

सुरतेच्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये मी एकतीस वर्षं काढली. मल्लखांब त्याच्याही आधीचा, पारोळ्याच्या तालमीतला. मिलची नोकरी सुटल्यावर गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये खांब रोवला. खाली टाकायला दोन जाड गाद्या शिवून घेतल्या आणि त्यात साड्यांच्या कापडाच्या चिंध्या ठासून भरल्या. संध्याकाळी पंधरा-सोळा पोरं येऊ लागली. त्यांना काय शिकवायचं हे मला कधी शोधावं लागलं नाही. एखादं पोर महिनाभर अढी घालताना घसरतं आणि एक दिवस त्याचे पाय आपोआप खांबाला धरून राहतात. ते बघायला मला कितीही वेळ थांबता येतं.

उजवा गुडघा मागच्या हिवाळ्यापासून कुरकुरत होता. जिना चढताना मध्येच अडकायचा. पाय झटकला की कट असा आवाज होऊन मोकळा व्हायचा. माझी बायको सुभद्रा रोज एरंडेल गरम करून चोळायची आणि रोज तेच म्हणायची, "डॉक्टरले दाखाडा." मी ऐकत नव्हतो. दाखवलं की तो बसवून ठेवणार. आणि दुखऱ्या गुडघ्याच्या म्हाताऱ्याच्या भरवशावर कोण आपलं पोर साडेआठ फूट उंच चढवेल? मल्लखांबात वरच्याइतकाच खालचा माणूस लागतो. पोर उडी घेतं ते खालच्या हातांच्या जोरावर.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी हर्षदा वरून उलटी उडी घेत होती. दहा वर्षांची, अंगाने काटकुळी, पण खांबावर माझ्या वर्गात तिच्यासारखं कुणी नव्हतं. आकाशात पतंग होते. तिचं लक्ष गेलं की हात घसरला, मला कळलं नाही. ती सरळ न येता बाजूला आली. मी एक पाऊल टाकून तिला छातीवर घेतलं. तिचं सगळं वजन माझ्या वाकलेल्या, वळलेल्या उजव्या गुडघ्यावर आलं आणि आतून आवाज झाला. हर्षदानेही तो ऐकला. तिला खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र गादीवरून उठू शकलो नाही.

दुर्बीण घालून ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होता, गुजराती, बोलायला गोड. त्याने पडद्यावर माझाच गुडघा दाखवला. हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चा असते, तिचा रुपयाएवढा टवका उडाला होता. त्या जागी त्याने हाडाला बारीक भोकं पाडली होती, म्हणजे तिथे नवा थर धरेल.

"काका, छ अठवाडियां पग पर वजन नथी मूकवानुं," तो म्हणाला. सहा आठवडे पायावर वजन टाकायचं नाही, अगदी टेकवायचाही नाही. मग पडद्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, कडा जुन्या दिसतात, वर्षभराच्या तरी असतील. आधी का आला नाहीत? तेव्हा हे लहान होतं.

मी सुभद्राकडे बघितलं नाही.

घरी आलो. आमचं घर तळमजल्यावर, ओट्यासमोर कॉमन प्लॉट आणि त्यात खांब. मला ओट्यावर खुर्चीत बसवलं, समोर स्टुलावर पाय. बाजूला वॉकर. संडासला जायचं तरी सुभद्राला हाक मारायची. जो माणूस पहाटे उठून शंभर जोर काढत होता, त्याला दारातून पेपर उचलता येईना. पेपर चार हातांवर पडलेला असायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायचो.

पण ते सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हती ती हर्षदा.

ती रोज शाळेतून सरळ माझ्याकडे यायची. पाणी आणून द्यायची. खुर्ची उन्हातून सावलीत घ्यायची. मी जरा हललो तरी "बसा, बसा" म्हणायची, एखाद्या आजीसारखी. संध्याकाळी वर्ग भरायचा, पण उंच चढणं मी बंद ठेवलं होतं. सोनाली, हर्षदाची आई, साड्यांना टिकल्या लावायचं काम बाजूला ठेवून तासभर पोरांवर नजर ठेवायची, आणि पोरं खांबाच्या निम्म्यापर्यंत जाऊन उतरायची. हर्षदा तेवढंही जात नव्हती. ती एरंडेलाचा डबा घेऊन उभी राहायची आणि दुसऱ्यांसाठी खांबाला तेल चोळायची.

"तू का नाही चढत?" मी विचारलं.

"मला नाही चढायचं."

"काय दुखतंय?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "माझं काहीच नाही दुखत, आबा. तुमचंच दुखतंय. माझ्यामुळे."

शिवजयंतीला त्याच प्लॉटमध्ये मांडव घालून पोरांनी खांबावर साध्या पकडी करून दाखवल्या. शेवटची सलामी हर्षदाची असायची. या वेळी ती मांडवाच्या कडेला डबा धरून उभी होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

रात्री जेवताना सुभद्रा म्हणाली, "सांगी टाका ना पोरले. कितला दिन दपाडशात?" किती दिवस लपवाल. मी चटणी मागितली. तिने माझ्या ताटात भाकरी जराशी आपटूनच टाकली.

खरं सांगितलं असतं तर पोरगी त्याच दिवशी सुटली असती. गुडघा आधीच गेलेला होता, तू निमित्त झालीस, एवढंच वाक्य. पण ते तिच्या आईबापाच्या कानावर गेलं असतं, सगळ्यांच्याच गेलं असतं, आणि मग मला पुन्हा खांबाखाली कुणी उभं केलं नसतं. मला वाटलं, यातून दुसरी वाट निघेल. तिची भीती मी शिकवूनच काढीन. इतक्या पोरांची काढली आहे.

म्हणून मी आणखी एक चूक केली.

सहा आठवड्यांतले अजून तीन दिवस उरले होते. दुपारी पोरगी एकटी आली होती. सुभद्रा आत दळण निवडत होती. मी वॉकर घेऊन एका पायावर प्लॉटमध्ये गेलो. हर्षदा मागे धावली. "आबा, काकूंना सांगेन हं!"

"सांग. आधी हे बघ." मी वॉकर बाजूला सारला आणि दोन्ही पाय गादीशेजारी टेकवले. गुडघ्यात कळ गेली, पण उभा राहिलो. हात वर केले. "बरा झालो. उभा आहे की नाही? चढ."

तिने माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. ती पोरगी माझ्या शब्दाला सोन्यासारखं मानायची. तिने डबा खाली ठेवला आणि चढली. दोन हात, तीन हात. अढी घातली, किती सुंदर घातली! मी तिच्या बरोबर सरकायला अर्धं पाऊल टाकलं आणि गुडघा खालून निघूनच गेला. मी गादीवर आडवा.

वर हर्षदा खांबाला मिठी मारून गोठली. ओरडली नाही, रडली नाही. डोळे मिटून घट्ट बसली. मी खालून म्हणत होतो, "बाळ, हळू, पाय सोड, काही होत नाही." मला उठता येत नव्हतं. हात वर केला तर तिच्या टाचेपासून दोन वीत खाली राहत होता. सुभद्रा धावत आली, मग सोनाली. दोघींनी मिळून तिची बोटं एकेक करून सोडवली. मी तिथेच पडून ते सगळं बघितलं.

डॉक्टरने पाय बघून मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून, आणि तिथे धरलेला थर टिकला की नाही ते आता सांगता येत नाही.

हर्षदा यायची बंद झाली.

रविवारी मी सुभद्राला म्हटलं, "ललितला बोलाव. सोनालीलाही. आणि पोरांना." सुभद्राने हातातलं काम टाकलं. पदर खोचला आणि गेली.

ललित, हर्षदाचा बाप, लूमवर बारा तासांची पाळी करतो. झोपेतून उठून आला होता, कानात अजून मशीनचा आवाज असल्यासारखा मोठ्याने बोलत होता. पोरं ओट्याच्या पायऱ्यांवर बसली. हर्षदा आईच्या मागे.

मी म्हणालो, "माझा गुडघा हर्षदामुळे गेला नाही. तो वर्षभर आधीपासून खराब होता. अडकायचा. मला माहीत होतं. तुम्ही रोज विचारायचे, आणि मी काही नाही म्हणायचो."

मारुतीचं तोंड उघडं राहिलं होतं.

"आबा," ललित शेवटी म्हणाला, आता हळू, "आमची पोरं वर, आणि तुम्ही असल्या पायाने खाली उभे होते?"

"होतो."

"ती त्या दिवशी डोक्यावर पडली असती तर?"

सोनाली म्हणाली, "झेललं ना त्यांनी तिला." ललित म्हणाला, "तू गप." त्याने मान वळवून खांबाकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी रात्रपाळी असते तेव्हा संध्याकाळी मी मोकळा असतो. खाली मी उभा राहीन. तुम्ही शिकवा, बसून. पण खाली तुम्ही नाही, आबा. पाय बरा झाला तरी नाही."

"बरं," मी म्हणालो.

मी हर्षदाकडे बघत होतो. तिचा चेहरा हलका होईल असं मला वाटलं होतं. तो झाला नाही. ती आईच्या मागून पुढे आली आणि माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"म्हणजे त्या दिवशी दुपारी पण खोटंच," ती म्हणाली. "बरा झालो म्हणाले ते."

"हो."

"आठ दिवस," ती म्हणाली, आणि घरी गेली. मारुतीला हसू आलं, पण बाकी कुणी हसलं नाही, म्हणून त्यानेही आवरलं.

आठ दिवस मी वर्ग घेतला नाही. तसाही खुर्चीतच होतो, पण त्या आठ दिवसांत पोरांना ओट्यावरून एक सूचनाही दिली नाही. ललित खाली उभा राहायचा, काठी गिळल्यासारखा ताठ. मी ओठ आवळून बसायचो. त्याचे हात चुकीच्या जागी असायचे. हर्षदा येत नव्हती.

नवव्या दिवशी ती आली. बापाच्या शेजारी रांगेत उभी राहिली. ललितने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि आठ दिवस बंद असलेला प्रश्न त्याने एकेकाला विचारायला सुरुवात केली. मारुतीचे केस दुखत होते. ललितला हा विनोद माहीत नव्हता, तो गंभीरपणे म्हणाला, "मग बस खाली." त्यावर मात्र सगळी हसली, मारुती सोडून.

हर्षदाची पाळी आली. "काही नाही," ती म्हणाली. मग ओट्याकडे वळली.

"आबा, तुमचं?"

मी सांगायला लागलो. उजवा गुडघा. आतल्या बाजूने. सकाळी उठताना जास्त, आणि पाय लटकता राहिला की. मांडी बारीक झाली आहे, तिच्यात जोर नाही. डावा खांदाही दुखतो, वॉकरमुळे. रात्री झोप लागत नाही. तिने मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणखी काही आहे का म्हणून जरा थांबली, आणि मग खांबाकडे गेली.

"ललित," मी म्हणालो, "गुडघे थोडे वाकव. आणि तिच्या पायांकडे नको बघूस, कमरेकडे बघ. कंबर जाईल तिकडे ती येणार."

त्याने गुडघे वाकवले.

ती हळूहळू चढली. मध्ये एकदा थांबली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग वर गेली. खांबाच्या टोकावर पोटावर आडवी होऊन हात पसरले आणि खाली बघितलं, बापाकडे. माझ्याकडे नाही. मग उलटी उडी घेतली.

ललितने तिला धरलं. वाकडंतिकडं, पण धरलं.

माझे दोन्ही हात मांडीवरून वर उठले होते, तळवे उघडे. पाय स्टुलावर होता तिथेच होता. हात खाली घ्यायला मला थोडा वेळ लागला.