लाकडी मैदानावरचे ओले ठसे

गेल्सोनने अदिल्वोला आजवर अकरा वेळा अडवलं होतं, आणि अकराही वेळा चेंडू सुटायच्या आधीच तो बरोबर ठिकाणी हजर होता.

छपराखालच्या, पाच-पाच जणांच्या फुटबॉलात अदिल्वो झानात्ताने एकोणीस वर्षं काढली होती, छातीवर गावच्या कोंबडीवाल्या सहकारी संस्थेचं नाव मिरवत. वय सदतीस. गुडघे त्याहून थोरले. एका बाजूचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून दुसऱ्या बाजूला दहा मीटरवरून मोकळा फटका मिळतो. मध्ये कुणी नाही, समोर फक्त गोलकीपर. असे फटके मारायला त्याच्या गावचा संघ, सांता लेओकादियावाले, अदिल्वोलाच पुढे करत. बाकी गोलकीपरांना तो पुरून उरे. शेजारगावचा गेल्सोन कुफ्नर तेवढा त्याच्या वाट्याची साडेसाती होता.

"शनिवारी त्याच्यावर एक तरी घाल," क्लबचे अध्यक्ष आर्नो म्हणाले. माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. अदिल्वोची पाळी आली तेव्हा त्यांनी तो पलीकडच्याला दिला. "नाहीतर डिसेंबरनंतर तुला ठेवायचं कशासाठी, तूच सांग."

धास्ती तर होतीच. पण त्याहून जास्त त्याला कुतूहल पोखरत होतं. तो ओळखतो कसा? हे न कळताच खेळ सोडायचा, म्हणजे भरल्या ताटावरून उठायचं. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती त्याने फोनवर पुन्हा पुन्हा पाहिल्या. डोळे, खांदे, कंबर. काही सापडेना.

"लग्नात माझ्याकडे एवढं निरखून बघितलं असतंस," बायको मार्लिझे म्हणाली, "तर मी भुरळून गेले असते."

गुरुवारी सरावानंतर मैदान पुसायला लोरेनीबाई आल्या; सगळे त्यांना मानाने दोना लोरेनी म्हणत. सामन्यात कुणी घाम सांडला की धावत येऊन पुसणाऱ्या त्याच. त्यांचं स्टूल गोलजवळच असे.

"दोना लोरेनी, तुम्ही तर इतक्या जवळून बघता. तो मला कसा ओळखतो हो?"

"मला काय विचारतोस? मी जमीन बघते, माणसं नाही."

"बरं, मग जमिनीवर काय दिसतं?"

त्यांनी पोछा थांबवला. "तुझे पाय. कधी एक ओला ठसा पुसते, कधी दोन. एक असला की चेंडू सरळ, दणकून गेलेला असतो. दोन असले की कोपऱ्यात."

अदिल्वो आपल्या बुटांकडे बघतच राहिला. बूट घसरू नये म्हणून तळहात जिभेने ओला करून बुटांच्या तळव्यांना फासायचा, हे सगळेच करतात. पण पायाच्या बोटांच्या टोकाने सरळ हाणायचं तर भार एकट्या डाव्यावर. कोपऱ्यात वळवायचं तर आधी उजव्यानेही रेटा घ्यावा लागतो. हात आपोआप जेवढे तळवे लागतील तेवढेच पुसत होता, फटका मारायच्या आधीच.

"एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"एवढी वर्षं विचारलंस कधी? मला वाटलं, सगळ्यांना ठाऊकच असेल. त्या गेल्सोनला ठाऊक आहे की."

शनिवारी दोन-दोन अशी बरोबरी होती. दीड मिनिट उरलेलं, आणि समोरच्यांनी सहावा फाऊल केला. अदिल्वोने तळहात चाटला. डावा तळवा पुसला. हात सवयीने खाली आला. त्याने तो बळेच पुन्हा उचलला आणि उजवाही पुसला. गेल्सोनचं वजन कोपऱ्याकडे कललं. अदिल्वोने बोटांनी सरळ हाणला. गेल्सोन जिथे मघा उभा होता, तिथूनच चेंडू जाळ्यात गेला.

सामना संपल्यावर हात मिळवताना गेल्सोनने त्याचा हात सोडलाच नाही.

"कोणी सांगितलं?"

"आमच्याकडे एक हुशार बाई आहे. तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या वर्षापासून. तुला अडवलं की त्या दिवशी जेवण गोड लागायचं रे." मग म्हणाला, "तुझी अजून एक खोड आहे. पास देणार की स्वतः मारणार, ते आधीच कळतं."

"कुठली?"

"वा. सगळंच सांगून टाकू?" असं म्हणून तो बॅग घ्यायला गेला.

मागून आर्नो आले. गडी एकदम गुळासारखा गोड झालेला. अजून एक वर्ष, सोमवारी ऑफिसात ये, असं काहीबाही सांगत होते. अदिल्वो गेल्सोनच्या पाठीकडे बघत होता.

"पुढच्या वर्षी यांच्याशी किती सामने आहेत?" त्याने विचारलं.

"चार. का रे?"

"काही नाही. चारात ती खोड सापडायला हवी," अदिल्वो म्हणाला.