हात मांडीखाली

त्या इमारतीत शेजाऱ्यांची जुंपली की लोक पोलिसांकडे जात नसत, आक्काकडे जात. शिवणकाम करणाऱ्या या बाईचा नियम एकच. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि आपापले हात मांडीखाली दाबून भांडायचं. तोंडाने हवा तेवढा जाळ काढा, पण हात बाहेर आला की तुमची बाजू संपली. लोक हसायचे, पण बसायचे. स्वतःच्याच हातांवर बसून माणूस रुबाब तरी किती वेळ करणार?

आज समोर होता वरच्या मजल्यावरचा सुतार, आणि आक्काकडेच राहणारा तिचा धाकटा भाऊ. भाऊ रात्रपाळीचा ड्रायव्हर. दिवसा जरा डोळा लागावा तर डोक्यावर ठोकाठोक. सकाळी त्याने जिन्यातच सुताराची गचांडी धरली होती.

सुतार आल्या आल्या हात मांडीखाली घालून बसला. भावाने मात्र हात गुडघ्यांवरच ठेवले. आक्काने ते पाहिलं. दुसरा कोणी असता तर तिने त्याला सोलून काढला असता. पण घरच्या माणसाला काय सांगायचं? इथेच बाईची अक्कल गहाण पडली.

"दुपारी दोन तास काम बंद ठेवतो," सुतार म्हणाला. "पण मलाही पोट आहे. तुम्हाला काय, जेवायला-झोपायला बहिणीचं घर आहे."

भावाने टेबलावरची इस्त्री उचलली आणि सुताराच्या तोंडावर हाणली. गाल फाटला. मांडीखालचे हात निघेपर्यंत दुसरा घाव डोळ्यावर बसला. सुतार गुरासारखा ओरडत आडवा झाला, तरी भाऊ हाणतच होता. आक्काने त्याचा दंड धरला, तर त्याने तिला शिवणयंत्रावर भिरकावलं.

मग त्याच्या हातातून इस्त्री गळून पडली.

"आक्का, त्याने आधी हात उचलला म्हण," तो धापा टाकत म्हणाला. "तुझं सगळे ऐकतात."

खरंच ऐकलं असतं. आईमागे तिनेच याला वाढवला होता. तुरुंगात हा चार दिवस टिकला नसता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

जिन्यात धावपळ झाली. आक्का कशीबशी उठून दारात उभी राहिली. पुढे सुताराची बायको होती.

"माझ्या भावाने मारलं," आक्का म्हणाली. "तुझा नवरा माझं ऐकून हात दाबून बसला होता. याला मी सांगितलंच नाही."

मागून भावाचा ठोसा तिच्या कानशिलावर बसला. "बाजूला हो," तो रडत म्हणाला. "मला जाऊ दे, आक्का."

तिने चौकट सोडली नाही.

"धरा याला," ती शेजाऱ्यांना म्हणाली, आणि ओक्साबोक्शी रडू लागली.