न फोडलेला निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. खरे सांगायचे तर आता मी धड ड्रमही राहिलेलो नाही. मला उभे चिरून माझे दोन भाग केले, पुढे त्या दोन्ही भागांना सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, भोके पाडली, आणि आता मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये पडून आहे. शेडच्या दारावर 'आत जाऊ नये' असे लाल अक्षरांत लिहिले आहे. तुम्ही माझी गोष्ट बाहेरूनच ऐका. दार उघडू नका.

मी साच्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. अंगावर एक ओरखडा नव्हता. दोनशे लिटर माल पोटात मावेल, वरून पडलो तरी फुटणार नाही, असे माझे कौतुक व्हायचे. मला वाटायचे, माझ्यात मध भरतील, नाहीतर गोडे तेल. पण मला या कारखान्यात आणले आणि माझ्यात एक पिवळे रसायन भरले. माझ्या पोटावर मोठे चौकोनी लेबल लावले. त्यावर काळी कवटी होती. मी त्या रसायनाला 'पिवळा' म्हणतो. पिवळा कधी बोलला नाही. नुसता बसून राहिला, आणि हळूहळू माझ्या अंगात शिरला. वर्षभर मी त्याला घेऊन हिंडलो. शेवटी मला रिकामे केले तेव्हा सगळे म्हणाले, रिकामा झाला. मला माहीत होते की तो गेलेला नाही.

असे रिकामे ड्रम फोडायचे काम भगवंतकडे होते. भगवंत मंगळवेढ्याकडचा. तिशीच्या आत बोईसरला आला, वसाहतीलगतच्या कुंभवलीत दोन खोल्यांत संसार मांडला आणि याच कारखान्यात त्याचे केस पिकले. प्रत्येक ड्रमाच्या बुडाला आणि पोटाला सब्बलीने भोक पाडायचे, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या घरात जाणार नाही, असा नियम होता. माझी पाळी आली त्या दिवशी त्याचा खांदा दुखत होता. भंगारवाल्याचा माणूस महादू शेजारी उभा होता. तो म्हणाला की फुटक्या ड्रमाला कोण विचारतो, आणि अख्खे ड्रम तर नुसते बांधकामावर जातात, त्यातले काय कुणी खाणार आहे? त्याने कागदात बांधलेला गरम वडापाव पुढे केला. भगवंतने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि सब्बल भिंतीला टेकवून ठेवली.

मित्रांनो, मला तेव्हा फार आनंद झाला होता. मी वाचलो, असेच मला वाटले. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

महादूने पत्तीने खरवडून माझे लेबल काढले, साबणाच्या पुडीने मला धुतले आणि रस्त्याकडेला रांगेत उभे केले. आठ दिवसांनी एक बाई माझ्यापुढे येऊन थांबली. ती गोजराबाई, भगवंतची बायको. तिची सून वैभवी पाच महिन्यांची गरोदर होती. वैभवीच्या अंगात रक्त कमी होते आणि रोज पालेभाजी पोटात गेली पाहिजे, असे दवाखान्यात बजावून सांगितले होते. बाजारातली जुडी रोज परवडत नव्हती, आणि तिच्यावर काय काय फवारलेले असते याची गोजराबाईला धास्ती होती. मंगळवेढ्याला तिने शेतात काम केले होते. घरामागच्या चिंचोळ्या जागेत रासायनिक खत न घातलेली, औषध न फवारलेली भाजी आपणच का लावू नये, असे तिच्या मनाने घेतले. कुंड्या महाग होत्या, म्हणून ती भंगारात आली होती.

याच्यात आधी काय होते, असे तिने विचारले होते बरे का. महादूने साबणाचे पाणी म्हणून सांगितले. तिने वाकून वास घेतला. साबणाचाच आला.

घरी आणल्यावर मला करवतीने उभे चिरले. दोन झालो तरी मी एकच होतो. डाव्या भागाला ऊन लागले की उजव्यालाही कळायचे. पाणी निघून जावे म्हणून तापलेल्या सळईने माझ्या बुडाला बारीक छिद्रे पाडली, तेव्हा पिवळ्याचा धूर निघाला. सगळ्यांना तो जळक्या प्लास्टिकचा वाटला. भगवंतनेही मला पाहिले. बायको म्हणाली साबणाचा आहे, त्याने मान डोलावली. निळे ड्रम शेकड्याने असतात, आणि ते मानून घेणे सोपे होते.

मग माझ्यात काय काय आले म्हणून सांगू! जवळच्याच माहीम गावाहून शांताराम नावाचा वाडीवाला स्कूटरवर केळी-नारळ विकायला गल्लीत यायचा. त्याने नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, फुकट दिली आणि दुसऱ्या खेपेला गोणीभर शेणखतही आणले. तळाला सोडणे, वर वाळलेला पाला, त्यावर माती आणि शेणखत, असे थर गोजराबाईने लावले. बियाणे विकत आणलेच नाही. मेथ्या मसाल्याच्या डब्यातल्या, धने चपलेखाली रगडून दोन फाकी केलेले, टोमॅटो घरात पिचलेला. कांद्याच्या साली भिजवलेले पाणी घालायचे, मावा पडला तर आंबट ताक शिंपडायचे. आठवड्याच्या आत मेथीने माती वर उचलली. वैभवी स्टुलावर बसून मेथीकडे बघत राहायची. तिचा नवरा भाग्येश वापीला कामाला होता. ती त्याला रोज फोटो पाठवायची.

मेथी इतकी हिरवीगार आली की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. मातीखाली काय चालले होते ते फक्त मला ठाऊक होते. मुळे माझ्या अंगापर्यंत यायची आणि तांबूस पडून मागे वळायची. दुपारी ऊन चढले की पिवळा जागा व्हायचा आणि मातीत उतरायचा. मी त्याला धरून ठेवायचा फार प्रयत्न केला. पण ड्रमाला हात नसतात.

वास तर यायचाच. पण मित्रांनो, कुंभवलीत हवेलाच वास असतो. शिवाय भगवंतचा धुतलेला युनिफॉर्म माझ्या वरच्याच दोरीवर वाळत असे, आणि त्यालाही तोच वास होता. गोजराबाईला वाटे, कपड्यांचा येतो आहे. भगवंतच्या नाकाला तर तो कित्येक वर्षांपूर्वीच यायचा बंद झाला होता.

पहिली मेथी खुडली, भाजी झाली. वैभवीने दोनदा मागून घेतली. मला ओरडावेसे वाटले.

दुसरी खुडणी दोन दिवसांवर आली होती. भर दुपारी शांताराम सोडणांची गोणी घेऊन मागच्या अंगाला आला, वाकला, आणि तसाच थबकला.

"वहिनी, या ड्रमाला वास हाय," तो म्हणाला.

गोजराबाई हसली. वास यांच्या कपड्यांचा आहे, आम्हाला सवय झाली, असे तिने सांगितले. शांतारामने वर युनिफॉर्मकडे पाहिले, पुन्हा मातीकडे पाहिले. त्याचे नाक माहीमच्या वाडीतले होते.

"कपडे तिकडं पुडच्या बाजूला टाका आन उद्या दुपारी बगा. तवर ती भाजी पोरीला नका देऊ."

तिने युनिफॉर्म पुढच्या दाराशी नेऊन वाळत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि माझ्या काठाला नाक लावले. मग पुढे जाऊन युनिफॉर्म घेऊन आली, त्याचा वास घेतला, पुन्हा माझा घेतला. दोन्ही एकच होते. पहिली पाळी संपवून साडेतीनला भगवंत घरी येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

"ह्या ड्रमात आधी काय हुतं?" तिने विचारले.

भगवंत वाकला. त्याला कसलाच वास आला नाही. तसे तो म्हणालाही.

"तुमाला येणारच न्हाई. मला येतोय."

त्याने माती उपसली, मला पालथे घातले आणि माझ्या पोटावरून हात फिरवला. लेबल होते तेवढा चौकोन अजून फिका होता आणि त्याच्या कडांना डिंकाची चिकट रेघ होती. त्या चौकोनावर त्याची बोटे थांबली. तो खाली बसला. मग त्याने सगळे सांगितले: सब्बल, खांदा, महादू, वडापाव. वैभवी दारात उभी राहून ऐकत होती.

गोजराबाईने ना आवाज चढवला ना ती रडली. तिने एकच विचारले, "आसं किती सोडलं?"

"मोजलं न्हाई," भगवंत म्हणाला.

वैभवीचा हात पोटावर गेला, हे मी पाहिले. त्याने बहुधा पाहिले नाही, कारण त्याची मान वर आली नव्हती.

ते त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि काही न लपवता सांगितले. डॉक्टरांनी तपासले. आज तरी काही दिसत नाही, पण बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला या, असे ते म्हणाले. सगळी मेथी आणि माती गोण्यांत भरली, बकऱ्या तोंड लावतील म्हणून गोण्यांची तोंडे घट्ट शिवली. भगवंतने सब्बल आणून माझ्या दोन्ही भागांना भोके पाडली. प्रत्येक घावाला तो डोळे मिटून घेत होता. टेम्पो करून त्याने मला नि त्या गोण्यांना या शेडमध्ये परत आणले, आणि साहेबांना आपली चूक तोंडाने सांगितली. त्यांनी फार बोल लावले. ते त्याने ऐकून घेतले. महादूला त्या दिवसापासून फाटकाच्या आत घेत नाहीत.

मुलगी झाली तेव्हा भगवंत शेडपाशी जिलेबी वाटत होता. बाकीच्यांनी विचारण्याआधीच तो म्हणाला, "ईस बोटं हायती. म्या दोनदा मोजली." पोर आता रांगते. कुणाला काही दिसलेले नाही. तरी गोजराबाई रोज सकाळी तिची नखे उजेडाला धरून बघते, असे त्याच्याच तोंडून ऐकले. त्याच्या डब्यात कधी कधी मेथी असते. आता ती तांदळाच्या गोण्यांत आणि नारळाच्या सोडणांत लावतात. डबा उघडला की मला तो वास ओळखू येतो, आणि कसेतरी होते.

सुट्टीच्या दिवशी भगवंत गल्ल्यागल्ल्यांतून फिरतो. दारापुढचे, गच्चीवरचे निळे ड्रम बघतो, पोटावर फिका चौकोन शोधतो. सापडला तर घरच्यांना समजावतो, बदल्यात पदरचे नवे पिंप देतो आणि जुना फोडून इथे आणतो. आतापर्यंत सहा आले. ते मला सांगतात ते ऐकवत नाही. एकात लग्नाचे तांदूळ धुतले होते. एकातले पाणी एक शाळकरी पोर दोन उन्हाळे प्यायले. एका घरी म्हातारीने भगवंतला भामटा समजून शिव्या दिल्या आणि दार लावून घेतले. तो ड्रम अजून तिथेच आहे. भगवंतला माहीत नाही अजून किती बाकी आहेत. मलाही माहीत नाही.

मित्रांनो, भाजी जरूर लावा. तिला खर्च फार नसतो. पण ज्याचे लेबल कुणी खरवडून काढले आहे, असे भांडे फुकट मिळाले तरी घरात आणू नका. आणि कधी तुमच्या दारात एक पिकल्या केसांचा माणूस आला, निळ्या ड्रमाच्या पोटावरून हात फिरवू लागला, तर त्याला हाकलू नका. तो उन्हातून चालत आलेला असतो. त्याला आधी प्यायला पाणी द्या, पण त्या ड्रमातले देऊ नका.