खालून हात लावून

रंगूने काउंटरवरचा चालू लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, कानाशी नेला आणि उलट्या हाताने त्याची खालची बाजू चाचपली.

दुकानदार कमलेशने ओठ आवळून हसू दाबले. रंगूच्या लेकीला, वर्षाला, मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. बापाला जव्हारला आणले ते नुसते सोबतीला. लॅपटॉपमधले त्याला ओ की ठो कळत नाही, हे ती घरूनच धरून चालली होती.

तिचे ठरलेही होते. रविवारी नाशिकला पाचजणांच्या संघांची गेमिंगची स्पर्धा होती आणि लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा होता. गेल्या उन्हाळ्यात कुणाकडून तरी मागून आणलेल्या लॅपटॉपने ऐन उपांत्य फेरीत मान टाकली, चित्र अडखळले आणि तिच्यापायी सगळा संघ बाहेर पडला. तरी चौघांनी तिला पुन्हा घेतले होते. तिसऱ्यांदा कोण घेतो? म्हणून तिने हा पातळ, चकचकीत पसंत केला; गावची, साखरशेतची चढण चढायला पाठीला हलका. शेजारचा जाडजूड म्हणजे नुसता धोंडा. ग्राफिक्स कार्ड दोन्हींत सारखेच.

"दोन्हींवर खेळ," रंगू म्हणाला. "मी हाय उभा."

ती दोन्हींवर अर्धा अर्धा तास खेळली. रंगू मधूनमधून खाली हात घालून बघत राहिला.

"यो वरून गार, खालून इस्तव," तो पातळाकडे बोट करून म्हणाला. "जाडा बरा."

"बाबा, त्याचा पंखा किती ओरडतो!"

"ओरडू दे. धापा टाकतो म्हणून तर गार राहतो."

कमलेशचे हसू कुठल्या कुठे गेले. "बरोबर बोलतात काका. पातळात हवेला जागा कमी. तापला की आपोआप हळू होतो. काका, कुणी शिकवलं?"

"राबानं." भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजली की राखेखाली विस्तव उरला का, हे रंगू असाच उलट्या हाताने बघायचा. "आन् हिनंच सांगलेलं. नाशिकवरनं आली तवा. तापला, एवढंच बोलली. जेवली पन नाय."

वर्षाला ते आठवले. त्या दिवशी तो पाठमोरा उभा राहून राब भाजत होता. त्याने ऐकलेच नाही, असे ती इतके महिने समजून चालली होती, आणि मनातून थोडी रागावूनही होती. बापाचे आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

"जाडाच द्या," ती कमलेशला म्हणाली.

रविवारी नाशिकला शेवटचा डाव संपला आणि चौघे ओरडत उठले. कुणीतरी तिच्या पाठीत दणका घातला. वर्षा बसूनच होती. तिने लॅपटॉप जरासा उचलून खाली उलटा हात धरला. मग फोन लावला.

"बाबा, नाय तापला."



"मंग जेव आता," रंगू म्हणाला.