जित्या अक्काची घागर

मी खापर बोलतोय. व्याकरणाची पुस्तकं मला 'ते' म्हणतात. म्हणोत बापडी. ज्याला बोलायचंच आहे त्याने लिंगावरून वाद घालत बसू नये.

आधी माझी तक्रार ऐकून घ्या. निवडणूक हरली, लग्न मोडलं, मोटार जळली, की लोक कुणाच्या तरी माथ्यावर खापर फोडतात. माथा कुणाचा, यावर गावभर चर्चा होते. खापराचं पुढे काय झालं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. दुसरी म्हण तर त्याहून वाईट : 'पालथ्या घड्यावर पाणी'. म्हणजे पालथं असणं हा गुन्हाच की! अहो, मी जन्मभर पालथाच होतो आणि मी पालथा होतो म्हणून तुम्हाला मांडे मिळाले.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. मी मातीचा, परातीएवढा रुंद, पोटाने गोल. मला चुलीवर पालथा घालतात. माझी पाठ तापली, की पुरणाची पोळी हातांवर झेलत झेलत ओढणीसारखी पातळ करतात आणि माझ्या पाठीवर पसरतात. तो मांडा. चटके मी सोसायचे आणि नाव मांड्याचं व्हायचं. पण ते सोडा.

नरडाण्याच्या बाजारात कुंभाराने आम्हा भावंडांना रस्त्याच्या कडेला मांडलं होतं. मंजुळाबाई आल्या. सारं गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांनी बोटाच्या पेराने एकेकाला वाजवून पाहिलं. माझा आवाज टणटणीत निघाला. "हाईच चाली," त्या म्हणाल्या. माणसं नवरा-नवरी निवडतानाही इतकी पारख करत नाहीत. नंतर रडतात आणि खापर फोडतात.

अक्कांच्या घरात माझा एक शेजारी होता : दोन दारांचं लोखंडी कपाट, आरसा लावलेलं. थोरल्या प्रेमराजने ते धुळ्याहून टेम्पोत घालून आणलं. आत सोन्याच्या पाटल्या, चांदीची कडी, प्लास्टिकमधून कधी बाहेरच न आलेल्या साड्या आणि लग्नाकार्यात अहेर म्हणून आलेले स्टीलचे डबे. मी चुलीवर काळा होत होतो, ते आत लखलखत होतं. मला निदान सणासुदीला हाक यायची. त्याला सणालाही कुणी उघडेना. माणूस ज्याला फार जपतो त्याच्याशी फारसा बोलत नाही, एवढं मी चुलीवर बसल्या बसल्या शिकलो.

अक्कांना दोन मुलगे. प्रेमराज धुळ्यात, तीन मजली घर बांधलेला. धाकटा कुंदन जळगावात प्लॉटची खरेदी-विक्री करणारा. शेताची वाटणी झाली त्या वर्षापासून दोघे एका पंगतीला बसले नव्हते. दिवाळीत एक आधी येई, तो गेल्याची खात्री करून दुसरा येई. अक्का दोनदा चूल पेटवत, दोनदा मला तापवत. स्वतः मात्र शेवटचा, फाटलेला मांडा उभ्या उभ्या खात.

गेल्या हिवाळ्यात त्यांना धाप लागू लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायला सांगितलं. अक्का ऐकून घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी आल्या. शेजारच्या मंदाबाई रागावल्या, तेव्हा अक्कांनी मला खाली उतरवलं आणि पेराने वाजवलं. माझ्या कडेला तडा गेला होता, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरनी मले असंच वाजाडी देखं," त्या म्हणाल्या. "मना आवाज बद्द येस. याना बी तसाच येस. आते दोन्हीसनी मियीसन एक सण काढी लेवाना."

तो सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांची घागर भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी मांडा. मग कावळ्याला हाका. यंदा अक्कांनी दोन्ही मुलांना बोलावणं धाडलं. प्रेमराजच्या चौथ्या मजल्याचा स्लॅब होता, कुंदनची खरेदीखताची तारीख होती. दोघांनी पुढच्या सणाचा वायदा केला. पुढचा सण अक्कांकडे नव्हता.

तेव्हा त्यांनी ठरवलं, की यंदा आपली घागर आपणच भरायची. आखाजीच्या सकाळी त्यांनी मंदाबाईंच्या नवऱ्याला, वनाला, दोन्हीकडे फोन लावायला सांगितला. वना सज्जन माणूस, पण फोनवर बोलणं म्हणजे मीटर पळतंय असं अजून समजणारा. "आज अक्कानी घागर भरानी शे. बठ्ठा या," एवढं म्हणून त्याने दोन्ही फोन ठेवून दिले.

आता सांगा, खानदेशी माणूस यातून काय समजेल? घागर मेलेल्याचीच भरतात. स्लॅब थांबला, खरेदीखत थांबलं. आईच्या जगण्याने जे झालं नव्हतं, ते तिच्या मरण्याने तासाभरात झालं.

धुळं जवळ, पण अर्धा ओतलेला स्लॅब आवरेपर्यंत प्रेमराजला उशीर झाला. कुंदन आधी पोहोचला. येताना जळगावातून आईच्या फोटोचं 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्सही छापून घेतला होता. दार उघडं, घरात माणूस नाही. अंत्ययात्रा निघून गेली असावी, असं त्याला वाटलं. अक्का आणि मंदाबाई मागच्या अंगणात निंबाखाली चूल मांडून माझ्याजवळ बसल्या होत्या. मागच्या दारातून मला कपाटाचा आरसा दिसतो. आरशात मी पाहिलं : कुंदनने डोळे पुसले, ते खरंच भरून आले होते, हे मी नाकारणार नाही. मग मोटरसायकलची साखळी आणली, कपाटाच्या दोन्ही मुठींतून ओवली आणि कुलूप लावलं.

मंदाबाई उठायला लागल्या. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

पाठोपाठ प्रेमराज आणि त्याची बायको सारिका आली. सारिकाने फाट्यापासूनच रडण्याचा सूर लावला होता. साखळी दिसताच तो तुटला. प्रेमराजने काही न बोलता गोठ्याचं कुलूप काढलं आणि त्याच साखळीत अडकवलं. मग मात्र दोघे बोलले. वाटणीपासूनचं सगळं बोलले. कुणी आईला जास्त वेळा दवाखान्यात नेलं, कुणी एकदाही नेलं नाही, पाटल्या कुणाच्या बायकोला कबूल झाल्या होत्या. माझ्या नावाचा तर नुसता पाऊस पडत होता. जो तो दुसऱ्याच्या माथ्यावर मलाच फोडत होता.

अक्कांनी तेवढ्यात एक मांडा शेकून उतरवला.

"भांडन व्हयनं का?" त्यांनी आतल्या दिशेने विचारलं. "हात धुईसन या. मांडा थंडा व्हस."

तिघे मागच्या दारात आले. प्रेमराजने चौकट धरली. सारिका खालीच बसली आणि आता खरी रडली, बिनसुराची. कुंदनच्या काखेत फ्लेक्सची गुंडाळी तशीच होती. अक्कांनी ती मागून घेतली, उलगडली आणि स्वतःच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं.

"फोटो झकास शे," त्या म्हणाल्या. "फेकू नको. लागीच."

सगळ्यांना हसू येत होतं, पण कुणाला हसता येईना. प्रेमराजने कसंबसं विचारलं, की जिवंत माणसाची घागर कधी कुणी भरतं का, लोक काय म्हणतील.

"मी मरसू, मंग तुम्ही मनी घागर भरशात, मांडा कावळाले टाकशात," अक्का म्हणाल्या. "कावळा खाई, त्यानी मले काय चव कळी? यंदा मीच खासू. तुम्ही दोन्ही मना संगे बसा. मले दुसरं काही नको."

दोघे बसले. एकमेकांकडे न बघता, पण एकाच पंगतीला. वना डांगर घेऊन आला आणि एवढी गर्दी बघून खूश झाला. आपला निरोप नीट पोहोचला म्हणून. अक्कांचे हात थकले, तेव्हा सारिकाने पदर खोचला. तिचा पहिला मांडा आफ्रिकेच्या नकाशासारखा झाला. तो अक्कांनी मागून घेतला. बसून, आमरसात बुडवून, सावकाश खाल्ला. इतक्या वर्षांत त्यांना बसून जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

हात पुसता पुसता कुंदनने खाली मान घालून कपाटाच्या किल्लीचं विचारलं. ती आईपाशीच राहू दे, असं त्याला म्हणायचं होतं.

"किल्ली त हरपनी. दोन-तीन वरीस व्हयनात," अक्का म्हणाल्या. "तिनाबिगर काही अडनं नही."

शेवटचा मांडा निघाला आणि मी फुटलो. मला लाजायचं कारण नाही, काम संपलं होतं. कुंदन म्हणाला, दादाने लाकूड जोरात सारलं. प्रेमराज म्हणाला, तूच पाणी सांडलंस. अक्का हसता हसता धापा टाकू लागल्या.

"फुटनं ते फुटनं. आते एकमेकना माथावर फोडू नका."

त्या आठवड्यातच अक्का गेल्या. दुपारी पडल्या होत्या, उठल्या नाहीत. फ्लेक्स लागला. दहाव्याला दोन्ही भाऊ धास्तावून उभे होते. आईची कुठली इच्छा राहिली असेल, म्हणून कावळा शिवायचा नाही, आणि मग चारचौघांत पाटल्या भावाला सोडल्याचा शब्द द्यावा लागेल. त्यांनी हात जोडायच्या आत कावळा आला, पिंडाला शिवला, आणि उडून गेला. वना म्हणतो, अक्कांचं काही राहिलंच नव्हतं. कावळा भुकेला असेल, असंही म्हणता येईल. मला वनाचं पटतं.

कपाट अजून तसंच आहे. साखळीला दोन कुलपं, एकाची किल्ली धुळ्यात, दुसऱ्याची जळगावात, आणि कपाटाची कुठेच नाही. उघडायचं तर दोघांना एकाच दिवशी यावं लागेल. येतील आखाजीला. तोवर आतलं सोनं काय करतं, हे त्यालाच विचारा. त्याला बोलता आलं तर.

माझा मोठा तुकडा वनाने निंबाखाली ठेवलाय. उताणा. रोज सकाळी तो त्यात पाणी ओततो, आणि ते राहतं. चिमण्या येतात, एक कावळाही येतो. तोच की दुसरा, मी विचारत नाही. एवढंच सांगतो : ज्याला मांडा द्यायचाय त्याला तो खाता येतोय तोवर द्या. आणि पुन्हा कुणाच्या माथ्यावर मला फोडायला उचललंत, तर जपून उचला. आत पाणी आहे.