मधल्या स्टुलावरची वकील

धाकटीच्या घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलत नसत, आणि दिवसभर बसत मात्र एकाच दुकानात. एक तिचे बाबा, दुसरे काका. दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं आणि रुंदीला असं, की एकाने आळस दिला तर हात दुसऱ्याच्या खांद्याला लागावा. अबोल्याचं कारण म्हणजे काजं करायचं एक जुनं मशीन. बाबांनी ते हौसेनं आणलं होतं आणि काकांनी ते न विचारता विकून टाकलं. झालं! त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

पण धंदा म्हटला की बोलावं हे लागतंच. मग शाळा सुटली की धाकटीला दोघांच्या मध्ये स्टुलावर बसवत.

"धाकटे, त्याला सांग, पट्टा उलटा बसवलाय. डोळे काय घरी विसरून आलास, म्हणावं."

धाकटी मान वळवायची. "काका, बाबा म्हणतात, पट्टा एकदा बघता का? उलटा वाटतोय."

"दादाला सांग, मी आंधळा नाही. आणि काल चाक कोणाच्या हातून पडलं, तेही विचार."

"बाबा, काका बघतायत. आणि चाक जड आहे, दोघांनी मिळून उचलू या म्हणतात."

मोटरच्या घरघरीत या दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही, अशी धाकटीची पक्की समजूत होती. त्यामुळे इकडची मिरची तिकडे पोचेपर्यंत तिची साखर करायची, हे तिनं मनोमन स्वतःचं काम ठरवून टाकलं. काम तिला जमलंही. पट्टा सुलट व्हायचा, चाक दोघं मिळून उचलायचे, आणि संध्याकाळी एकाच किटलीतल्या चहावर दोघं पाठमोरे का होईना, पण फुंकर घालायचे. गिऱ्हाइकं कौतुकानं म्हणायची, ही पोरगी मोठेपणी वकील होणार. वकिलाचं काम बरोब्बर याच्या उलट असतं, हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. धाकटीच्या तर नाहीच नाही.

अभ्यासात ती हुशार होती. शिष्यवृत्ती मिळाली, आणि ज्या विद्यापीठात कायदा शिकायला जगभरातून पोरं रांगा लावतात तिथं तिचा नंबर लागला. विमानतळावर निरोप देताना बाबा म्हणाले, "त्याला सांग, बॅग फिरकीसारखी भिरकावू नको, आत लोणच्याची बाटली आहे." धाकटीनं ते काकांना सांगितलं, "बाबा म्हणतात, तुमच्यावरच भिस्त आहे." आणि मग ती रडली. यापुढे हे कोण सांगणार?

परदेशातली तिची खोली एका लाँड्रीच्या वर होती. छत एका बाजूला इतकं उतरतं की पलंगावर उठून बसलं की कपाळाला लागायचंच. खालची यंत्रं दिवसभर फिरायची आणि जमिनीतून तळपायाला गुदगुल्या करायची. घरची आठवण काढायला तेवढंही पुरायचं.

वर्गात मात्र गुदगुल्या होण्यासारखं काही नव्हतं. बाकं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, आणि प्रत्येक बाकावर आपापल्या गावचा पहिला नंबर बसलेला. सगळेच पहिले! त्यामुळे शेवटचं कोण, एवढाच प्रश्न उरला होता. करार शिकवणाऱ्या प्राध्यापक बाईंना धाकटीनं मनातल्या मनात 'करारबाई' म्हणायला सुरुवात केली. आवाज बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि प्रश्न असा विचारायच्या की भलेभले उत्तर येत असूनही विसरायचे.

लुटुपुटूच्या खटल्यांच्या पहिल्या सरावाला धाकटी घरमालकाची वकील होती. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि म्हणाली, "भाडेकरूंच्या वकिलांनी छान मुद्दा मांडलाय. त्यांना काय म्हणायचंय, ते मी जरा नीट सांगते." आणि तिनं खरोखरच सांगितलं. भाडेकरूची बाजू इतकी सुरेख मांडली की भाडेकरूचा वकीलच वहीत उतरवून घ्यायला लागला.

"एक मिनिट," करारबाई म्हणाल्या. "तुम्ही नक्की कोणाच्या वकील?"

वर्ग खो खो हसला. धाकटीही हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्या सरावाला तिनं याहून मोठा पराक्रम केला. समोर होता वर्गातला एक मुलगा, जो अंघोळीलाही टाय घालून जात असावा असा तिला संशय होता. वरच्या घरातून खालच्या घरात पाणी गळतंय, असा दावा; धाकटी खालच्याची वकील. सुनावणीआधी दोघं कॉफीच्या यंत्रापाशी भेटले. टायवाला घाबरून पांढराफटक पडला होता. धाकटीला ते बघवेना. तिनं त्याला साखर जास्त घातलेली कॉफी दिली, काय झालं ते विचारलं, तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे केलं, आणि कॉफी संपेस्तोवर खटलाच मिटवून टाकला. निम्मा खर्च वरच्यानं, निम्मा खालच्यानं. दोघंही आत जाऊन हसतमुखानं म्हणाले, "आमचा काही वाद नाही."

न्यायाधीश म्हणून वरच्या वर्गातले तिघं खास काळे डगले चढवून बसले होते. ते मुकाट्यानं डगले उतरवायला लागले.

करारबाईंनी धाकटीला थांबवून घेतलं. "तडजोड वाईट नसते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पक्षकाराचं घर भिजलंय. चूक सगळी वरच्याची. निम्मा खर्च सोसायला तो तयार आहे का, हे त्याला विचारलंत?"

"नाही."

"मग कोणाच्या सोयीसाठी मिटवलंत? त्याच्या, की भांडण ऐकवत नाही म्हणून तुमच्या?"

बाईंनी शांतपणे पुढचं सांगून टाकलं. शुक्रवारची सुनावणी शेवटची. त्यात बाजू मांडता आली नाही, तर तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कोणाला तरी जाणार. बाहेर रांग मोठी होती, आणि विद्यापीठाला कोणावाचून अडत नव्हतं.

खोलीवर येऊन धाकटी उतरत्या छताखाली बसली. खरं सांगायचं तर, तिला भीती वाटली तशी सुटल्यासारखंही वाटलं. कारण घरी काहीतरी बिनसलं होतं. आल्या आल्या बाबा दुकानातून रोज फोन करायचे, "काकाला सांग, चिमटा कुठं ठेवलाय." मग ती एवढ्या दुरून काकांना फोन लावायची आणि बाबांच्या शेजारीच बसलेल्या काकांकडून चिमट्याचा पत्ता काढायची. पण गेले काही दिवस हे फोन एकदम बंद झाले होते. आईला विचारलं तर "चाललंय गं" म्हणून विषय बदलायची. काकांची मुलगी, थोरली, तेवढी बोलून गेली, "दुकानात आरडाओरडा असतो हल्ली. पार कोपऱ्यावर ऐकू येतो." धाकटीच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या मधोमध उभी राहणारी भिंतच आली. आपण उठलो आणि सगळं कोसळलं. मग शुक्रवारी हरलेलं काय वाईट? मान खाली घालून घरी जायचं, स्टुलावर बसायचं. घराला गरज होती, असं सांगता येईल. हरल्याचं कोणी नावही काढणार नाही. हा विचार तिला इतका गोड वाटला की तिनं बॅग पलंगाखालून अर्धी ओढलीसुद्धा.

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी तिनं दुकानात फोन लावला. उचलला काकांनी.

"काका, खरं सांगा. दुकान वेगळं करताय का तुम्ही?"

"वेगळं? कोण म्हणतं?"

"मग आरडाओरडा कसला?"

"अगं, भांडतो आम्ही! तू गेलीस, मग बोलायचं कसं? फोनवरून चिमटे शोधून कंटाळलो. एक दिवस दादा थेट माझ्यावर खेकसला. मीही खेकसलो. दोघं घशाला कोरड पडेपर्यंत खेकसलो, काजाचं मशीनसुद्धा निघालं त्यात. आता रोज होतं. भूक चांगली लागते."

"पण काका, बाबा काय काय बोलतात ते तुम्हाला... म्हणजे मी कधी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

काका मोठ्यानं हसले. "वेडी का काय तू? हातभर दुकान ते! मोटर काय दिवसभर चालू असते? दादा म्हणायचा तो शब्दन् शब्द ऐकलाय मी. आणि माझा त्यानं."

"मग माझं तोंड कशाला दुखवलंत इतकी वर्षं?"

"तू ते गोड करून सांगायचीस ना, ते ऐकायला बरं वाटायचं. राग आलेला असायचा, पण लेकरू एवढं सांभाळून बोलतंय म्हटल्यावर पट्टा मुकाट्यानं सुलट करायचो. नाहीतर मी कसला करतोय!"

धाकटीला राग आला. मग रडू आलं. मग एवढी वर्षं दोन मोठी माणसं आपलं बोबडं राजकारण गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेत होती, या विचारानं हसूही फुटलं.

"काका, मी परतच येते," ती म्हणाली. "मला नाही जमत इथं."

मग मागून बाबांचा आवाज आला, मोटरबिटर काही नसताना, अगदी लख्ख. "त्याला... म्हणजे तिला सांग, भांडायला घाबरून आलीस तर दारात उभी करणार नाही म्हणावं."

काका फोनमध्ये म्हणाले, "बाबा म्हणतात, तू आमची काळजी सोड."

दोन्ही ऐकू आलं. धाकटीनं नाक पुसलं, बॅग लाथेनं पलंगाखाली ढकलली आणि निघाली.

सुनावणीत ती एका बेकरीवाल्याची वकील होती. वर राहणाऱ्या बाईंना त्याच्या भट्टीचा धूर नको होता, म्हणून भट्टीच बंद करा, असा त्यांचा दावा. त्या बाईंची बाजू टायवाल्याकडे. आत जाण्याआधी तो कॉफीच्या यंत्रापाशी आशेनं घुटमळत होता. धाकटी त्याला "शुभेच्छा" म्हणाली आणि सरळ आत गेली.

ती उभी राहिली. बेकरीवाल्याचं म्हणणं तिनं त्याच्या तिखटामिठासकट मांडलं. भट्टी आधीची, घर नंतरचं. धुराडं नियमाप्रमाणे. भट्टी बंद म्हणजे त्याची चूल बंद. एकाही शब्दात तिनं पाणी घातलं नाही. टायवाल्याचा चेहरा पडत गेला, तेव्हा तिला वाईट वाटलं. वाईट वाटलेलं तसंच ठेवून ती बोलत राहिली.

शेवटी करारबाईंनी चष्म्यावरून बघितलं. धाकटीला कळलं, हा सापळा आहे.

"समोरच्या बाईंना धुराचा त्रास होतो. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

काही क्षण धाकटीची जीभ सवयीनं वळवळली. सांगण्यासारखं कितीतरी होतं, आणि तिनं ते सांगितलंही फार छान असतं.

"असेल," ती म्हणाली. "ते सांगायला त्यांचे वकील आहेत."